साक्ष नाही तर कॉफी नाही

ज्यांच्या घरी कॉफीचा फिल्टर आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. डिकॉक्शन खाली उतरतं, पिऊन संपतं, आणि वर चोथा राहतो. आमच्या कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या मंगळवारच्या प्रार्थनेचं अगदी तसंच आहे. प्रार्थना जिथे पोचायच्या तिथे पोचतात, मागे उरतात ते किस्से! इतक्या वर्षांत एवढे साठलेत की कोणाला तरी सांगून मोकळं व्हायलाच हवं.

आधी मी कोण ते सांगते. मी रूथ, मूळची नगरकडची. बायबलमधली रूथ सासूच्या मागोमाग परमुलखात गेली होती. नाव ठेवताना माझ्या आईवडिलांनी याचा विचार करायला हवा होता. डॅनियलशी लग्न केलं आणि त्याच्या आईच्या मागोमाग मी कुंभकोणमला आले. इथल्या एका शाळेत हिंदी शिकवते, म्हणून सगळे मला "हिंदी टीचर" म्हणतात. मी मराठी आहे हे सांगून सांगून थकले. गोदावरीच्या वर सगळे हिंदीच, असा इथला भूगोल आहे.

आमचे पुढारी ज्ञानमणी अय्या. रिटायर्ड स्टेशन मास्तर. म्हणजे रेल्वेनं त्यांना रिटायर केलं, त्यांनी स्वतःला केलेलं नाही. मंगळवारी संध्याकाळी सहाला त्यांच्या घरी प्रार्थना म्हणजे सहाला. समोर पितळेची छोटी घंटा. कोणी जास्त बोललं की टण्ण!

अय्यांचं म्हणणं असं की वचन नुसतं ऐकून काही उपयोग नाही, आचरण पाहिजे. म्हणून दर मंगळवारी ते बायबलमधलं एक वचन देतात. आठवडाभर ते आपापल्या घरात, दुकानात, रस्त्यावर आचरायचं आणि पुढच्या मंगळवारी उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. सबबी ऐकल्या जात नाहीत. "गाडी लेट चालेल, कॅन्सल चालणार नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि जो कोणी "वेळ मिळाला नाही" म्हणेल, त्याला त्या दिवशी कॉफी नाही!

ही शिक्षा किती मोठी आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. कुंभकोणमचा माणूस एकवेळ स्वर्गातली जागा दुसऱ्याला देईल, पण संध्याकाळचा कॉफीचा टंबलर सोडणार नाही.

*

अय्यांच्या घराला भिंतीला भिंत लागून त्यांच्या धाकट्या भावाचं घर. जेबराज त्यांचं नाव. वडिलांचं एकच घर मधोमध भिंत घालून दोन केलेलं. आई वारली तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

भांडण जमिनीवरून असेल असं मला वाटायचं. सासूबाईंनी खरं कारण सांगितलं तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. आईच्या कबरीच्या दगडावर कोणतं वचन कोरायचं, यावरून!

अय्यांना परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे वचन हवं होतं. जेबराज म्हणत होते, आईला आवडायचं ते प्रीतीचं कोरा. प्रीती सहनशील असते, ती चिडत नाही, ते. या मुद्द्यावर जेबराज एवढे चिडले की त्यांनी स्मशानातच भावाच्या अंगावर छत्री फेकली! अय्यांनी ती उचलून मोडली. त्या दगडावर अजून आईचं नाव आहे आणि खाली वीतभर कोरी जागा आहे.

जेबराजची बायको स्टेला मात्र आमच्या प्रार्थनेला येते. दोन्ही घरांचे निरोप तिच्यामार्फत. भर मीटिंगमध्ये अय्या म्हणणार, "स्टेला, तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या नारळाची झावळी माझ्या पत्र्यावर पडते."

लगेच भिंतीपलीकडून आवाज, "स्टेला, त्यांना सांग, झावळीला हद्द कळत नाही!"

स्टेला कोणालाच काही सांगत नाही. दोघांना ऐकू आलेलं असतं, मग ती आपली मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, खात बसते.

गंमत पुढेच आहे. लहानपणी दोघे भाऊ चर्चच्या क्वायरमध्ये शेजारी शेजारी उभे राहून गायचे. त्यामुळे इकडे आमचं गीत सुरू झालं की भिंतीपलीकडून जेबराज खालच्या सुरात साथ धरतात. अगदी बिनचूक! गीत संपलं आणि प्रार्थना सुरू झाली की पलीकडे टीव्ही मोठा होतो. अय्या साथ ऐकू आल्याचं दाखवत नाहीत.

एका मंगळवारी पलीकडून साथ आलीच नाही. अय्यांनी गीत मध्येच थांबवलं. "पुन्हा! सूर बरोबर नाही!" आम्ही पुन्हा गायलो. "पुन्हा!" तिसऱ्यांदा गाताना भिंतीपलीकडून एक खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ तो खालचा सूर.

"हां, आता बरोबर आहे," अय्या म्हणाले. कोणाला म्हणाले ते आम्ही विचारलं नाही.

*

आमच्यात एडविन आहे. विमा एजंट. सायकल, स्कूटर, लग्न, बारसं, कुठेही भेटला तरी हातात बॅग. एका आठवड्याचं वचन होतं, उद्याची चिंता करू नका. आता ज्याचा सगळा धंदाच उद्यावर चालतो त्यानं करायचं काय?

मंगळवारी एडविन उतरलेल्या चेहऱ्यानं उभा राहिला. "अय्या, मी आठवडाभर उद्याची चिंता केली नाही. लोकांनाही करू दिली नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं, मला काही झालं तर बायकापोरांचं काय? मी म्हटलं, आकाशातल्या पाखरांकडे पाहा, ती कुठे काही साठवून ठेवतात?"

"वा! मग?"

"त्यानं पाखरांकडे पाहिलं आणि पॉलिसी न घेता घरी गेला."

अय्या खूश झाले. "शाब्बास! याला म्हणतात आचरण."

"अय्या, मॅनेजरनं उद्या ऑफिसात बोलावलंय."

"मग उद्याची चिंता वाटते का?"

"छे छे! उद्याची अजिबात नाही. परवापासूनची वाटते!"

*

पुष्पम अक्कांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. बाई तोंडानं फटकळ, मनानं मऊ, आणि गिऱ्हाइकासमोर साखरेपेक्षा गोड. एकदा वचन आलं, तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. म्हणजे आठवडाभर खरं बोलायचं. दुकानात बसून!

पहिल्याच दिवशी एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या. त्यांनी एक घागर उचलली. "ही चांगली आहे ना?"

अक्कांनी डोळे मिटले, मनात स्तोत्र म्हटलं आणि बोलून टाकलं, "नाही. बुडाला जोड आहे. दोन पावसाळ्यांत गळेल."

बाई एकदम सावध झाल्या. "कोणासाठी बाजूला ठेवलीय?"

"कोणासाठी नाही हो! खरंच वाईट आहे."

"ओळखीच्या माणसाला द्यायची असेल. आम्ही बाहेरगावचे, म्हणून आम्हाला नको सांगता?"

अक्का शपथ घेणार होत्या, तर शपथही घेऊ नका असं त्याच वचनात आहे! बाईंनी भांडून, हट्टानं, ती घागर घेतली. पितळी समया पातळ आहेत म्हटल्यावर जोडीनं घेतल्या. जाताना दुकानाबाहेर उभ्या असलेल्या नणंदेला म्हणाल्या, "चांगला माल ही बाई लपवून ठेवते!"

आठवडाभर दुकानात गर्दी. आतल्या बाजूला पडलेला, काळवंडलेला, कोणी हात न लावलेला माल सगळा गेला. मंगळवारी अक्का साक्ष द्यायला उभ्या राहिल्या त्या घाम पुसतच.

"अय्या, सगळा खराब माल संपला. आता दुकानात फक्त चांगला माल उरलाय!"

"मग प्रभूची स्तुती करा!"

"स्तुती कसली? आता खरं सांगितलं तर तो कोण घेणार?"

*

शेजाऱ्यावर प्रीती करा, हे वचन मिळालं तो आठवडा आमच्या गल्लीतल्या रावजींना जन्मभर आठवेल.

रावजींचं घराणं फार जुनं, तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. मी इथे नवी असताना एकदा मागून आवाज आला, "बाई, तुम्हीं कोठून आलांत म्हणून पुसूं काय?" मला वाटलं एखादी बखर बोलायला लागली! मी भडाभडा बोलत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सावकाश हो. तुमचें मऱ्हाटी फार नवें आहे, मजला अर्धेंच कळतें." परमुलखात आपली भाषा भेटली आणि तीही आपल्याला परकी समजते, म्हणून मला तेव्हा हसू आलं आणि थोडं रडूही.

तर शेजाऱ्यावर प्रीती. मी ठरवलं, रावजींना पुरणपोळ्या देऊ. गुरुवारी संध्याकाळी ताट घेऊन गेले. रावजी ओट्यावर पोट धरून बसले होते.

झालं असं की आमच्या गल्लीत ज्यांच्याशी कोणाचंच भांडण नाही असे शेजारी एकटे रावजीच! त्यामुळे सगळ्यांनी त्यांनाच गाठलं. सकाळी पुष्पम अक्का पायसम घेऊन आल्या. मग एडविन हलवा घेऊन. स्टेलाची फणसाची भजी. दुपारी खुद्द अय्या, केळफुलाचे वडे घेऊन. आणि मंगळवारी साक्ष द्यायची असल्यामुळे प्रत्येकानं समोर उभं राहून, डोळ्यांदेखत, शेवटच्या घासापर्यंत खायला लावलेलं!

माझं ताट पाहून रावजींनी हात जोडले. "रूथबाई, मजला तुमच्या देवाविषयीं कांहीं तक्रार नाहीं. पण पुढल्या आठवड्यास दुसरा शेजारी पाहा हो!"

दोन दिवस ते अंथरुणात होते. बरे झाल्यावर तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायगराला, म्हणजे गणपतीला, जाऊन नारळ फोडून आले. आमच्या प्रीतीतून वाचल्याबद्दल!

मंगळवारी एकेक जण उभं राहून रावजी, रावजी, रावजी असंच सांगत होतं. शेवटी अय्या. "मीही रावजींना वडे दिले. आवडीनं खाल्ले."

तेव्हा कधी नाही ती स्टेला बोलली. खाली बघत, हळूच. "अय्या, एक शंका. शेजारी म्हणजे रस्त्यापलीकडचा, की भिंतीपलीकडचाही चालतो?"

पलीकडे त्या क्षणी टीव्हीचा आवाज बारीक झाला. मला चांगलं आठवतंय.

अय्यांनी घंटा उचलली. टण्ण! "वेळ संपली!"

*

आमच्या चर्चमध्ये जितके पंखे तितकी नावं. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव लाल रंगात. आता पंखा फिरला की नाव दिसत नाही, आणि नाव दाखवायचं तर पंखा बंद करावा लागतो! कोणाचे पाहुणे आले की भर मे महिन्यात एखाद्या कोपऱ्यातला पंखा बंद होतो. खालचे लोक घामाघूम, पण पाहुणे मान वर करून वाचत असतात.

अय्यांनी यावर वचन काढलं, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. पुढच्याच रविवारी बायकांच्या बाजूला एक नवा पंखा फिरताना दिसला. बंद केला तरी पात्यावर नाव नाही! चर्चभर चर्चा. कोणी दिला असेल?

सगळ्यांना वाटलं पुष्पम अक्कांनी. दुकानदार बाई, आणि बसतातही त्याच पंख्याखाली. लोक जाऊन त्यांचे आभार मानायला लागले. अक्कांनी "मी नाही" असं म्हटलं नाही आणि "मी दिला" असंही म्हटलं नाही. नुसत्या हसायच्या आणि वर बोट दाखवून म्हणायच्या, "सगळं त्याचंच!" खरं बोलण्याचा आठवडा केव्हाच संपला होता.

पुढच्या मंगळवारी एडविनची प्रार्थना करायची पाळी होती. आम्ही डोळे मिटले. एडविननं आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केली, कावेरीला पाणी येऊ दे म्हणून केली. मग त्याचा आवाज कापायला लागला.

"आणि हे प्रभू, तो पंखा मी दिला हे तुला माहीत आहे. तुझ्या इच्छेनं हे पुष्पम अक्कांनाही माहीत होऊ दे!"

अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "आमेन. आणि हे प्रभू, तो पंखा फार आवाज करतो हे एडविनला माहीत होऊ दे!"

*

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्याकडे वाग्दानाची कार्डं काढतात. एका थाळीत कार्डं पालथी ठेवलेली, प्रत्येकावर एक वचन. हात घालून एक उचलायचं. जे येईल ते देवानं आपल्याला वर्षभरासाठी दिलेलं वाग्दान. लोक त्याला फ्रेम करून हॉलमध्ये लावतात.

यंदा अय्यांनी थाळीत हात घातला. कार्ड उलटून पाहिलं आणि त्यांचा चेहरा स्टेशनात शिरायच्या आधीच रुळावरून घसरलेल्या गाडीसारखा झाला. मी शेजारीच होते, मला दिसलं. भावाभावांनी एकत्र राहणं किती चांगलं, किती सुखाचं, असं काहीसं वचन होतं.

अय्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "हे दुसऱ्या कोणाचं माझ्या हातात आलं," आणि कार्ड परत ठेवायला लागले.

"परत ठेवायचं नसतं अय्या," पुष्पम अक्का म्हणाल्या. "माझं घ्या. तुला शेपूट नव्हे, मस्तक करीन, असं आलंय. तुम्हाला शोभेल."

अदलाबदल झाली. अक्कांना भाऊ नाही, बहिणीही नाहीत. त्यांनी ते कार्ड फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. अय्या तेव्हापासून भांडी घ्यायला दुसऱ्या दुकानात जातात.

*

आता शेवटचा. हा याच वर्षीचा, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारचा.

त्या गुरुवारी प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून आमच्या चर्चमध्ये संध्याकाळी पास्टर बारा जणांचे पाय धुतात. ज्यांची निवड होते ते घरून पाय इतके घासून येतात की धुवायला काही उरत नाही. पुष्पम अक्कांनी तर एका वर्षी दुकानातल्या सवयीनं चिंच लावून घासले होते!

यंदा पास्टर नवे. तरुण, उत्साही, गावात येऊन जेमतेम महिना झालेला. त्यांनी आदल्या रविवारी जाहीर केलं, "मीच का धुवायचे? या वर्षी शेजारी शेजाऱ्याचे पाय धुतील." घरांच्या क्रमानं त्यांनी जोड्या लावल्या आणि वाचून दाखवल्या. "ज्ञानमणी अय्या, आणि जेबराज."

चर्चमधल्या सगळ्या माना अय्यांकडे वळल्या. नव्या पास्टरांना कोणीतरी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, प्रत्येकाला बघायचं होतं!

अय्यांना नाही म्हणता येईना. इतकी वर्षं आम्हाला घंटा वाजवून आचरण शिकवलेलं. आणि जेबराज? स्टेलानं मला नंतर सांगितलं, ते घरी म्हणाले, "अण्णन माझ्यापुढे वाकणार? मग मी जाणार!"

गुरुवारी बारा जणांसाठी सहा खुर्च्या मांडल्या होत्या. सहा जण बसलेले, सहा जण समोर गुडघ्यावर. एप्रिलच्या त्या उकाड्यात जेबराज पायांत सॉक्स घालून आले होते. काळे, जाड. अय्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, तांब्या घेतला आणि खाली बसले. वर पाहिलं नाही. जेबराजनी उजवा सॉक्स काढून पाय पुढे केला. अय्यांनी तो धुतला, पुसला. मग हातानंच खूण केली, दुसरा.

जेबराजनी डावा पाय खुर्चीखाली ओढला.

अय्यांनी पुन्हा खूण केली. जेबराजनी मान हलवली. आम्हाला वाटलं, झालं, आता इथे छत्री उडणार! स्टेला पुढच्या बाकावरून उठून उभी राहिली.

अय्यांनी खुर्चीखाली हात घालून भावाचा घोटा पकडला, पाय बाहेर ओढला आणि सॉक्स खाली केला. तळव्याला चिकटलेलं फडकं सुटलं. मी मागच्या रांगेत होते, तरी मला वास आला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

अय्या बघतच राहिले. मग आई गेल्यापासून त्यांनी भावाशी पहिला शब्द काढला.

"हे कधीपासून?"

"पोंगलपासून," जेबराज म्हणाले. "शुगर आहे. डॉक्टर पाय कापतील म्हणून सांगितलं नाही."

"स्टेला!" अय्या ओरडले. "तुला दिसलं नाही?"

"सॉक्स काढत नव्हते हो," म्हणून स्टेला रडायलाच लागली. "झोपतानाही नाही."

अय्यांनी तांब्या लाथेनं बाजूला केला, भावाच्या काखेत हात घातला आणि उठवलं. जेबराज काहीतरी म्हणायला गेले. "गप्प बस!" मग दोघे अनवाणी, अय्यांच्या कमरेला तो टॉवेल तसाच, चर्चच्या मधल्या वाटेनं बाहेर गेले. एडविननं धावत जाऊन ऑटो थांबवली. नवे पास्टर हातात टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला विचारलं, "आता पुढे काय करायचं?"

"गीत सुरू करा," पुष्पम अक्का म्हणाल्या. आम्ही सुरू केलं, पण कोणाचाच सूर लागेना.

बोट काढावं लागलं. पाय वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. अय्या दवाखान्यातून हललेच नाहीत. स्टेलानं डबा नेला की तो दोघं मिळून खायचे आणि मिठावरून भांडायचे.

ईस्टर झाल्यावर जेबराज घरी आले. त्या मंगळवारची प्रार्थना अय्यांच्या घरी नव्हती, स्टेलाच्या घरी होती. जेबराजना चालता येत नव्हतं, म्हणून आम्हीच भिंतीच्या त्या बाजूला जमलो. जेबराज बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. अय्या त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. ते सारखे भिंतीकडे पाहत होते. तिला या बाजूनं त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिलं असेल.

गीत झालं. साक्षी झाल्या. गेल्या वेळी दिलेलं वचन होतं, एकमेकांची ओझी वाहा. मी सासूबाईंना बाजारातून पिशवी आणून दिल्याचं सांगितलं. एडविननं मॅनेजरचं ओझं वाहिल्याचं सांगितलं. पुष्पम अक्कांनी कोणाचं तरी काहीतरी वाहिलं होतं. शेवटी सगळे अय्यांकडे बघायला लागले.

अय्या उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना असं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माफ करा," ते म्हणाले. "या आठवड्यात माझ्याकडून आचरण झालं नाही. दवाखान्यात होतो. वेळच मिळाला नाही."

पुष्पम अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात स्टेला कॉफी घेऊन आली. जेबराजना बिनसाखरेची दिली आणि अय्यांच्या पुढे त्यांचा टंबलर ठेवला.

जेबराजनी हात लांब करून तो टंबलर आपल्याकडे ओढला. "रूल म्हणजे रूल! वेळ मिळाला नाही म्हणणाऱ्याला कॉफी नाही!" आणि तोंडाला लावला.

"त्यात साखर आहे रे, मूर्खा!" म्हणून अय्यांनी तो त्यांच्या हातातून हिसकावला आणि उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला.